नीलम्माच्या बुट्टीतल्या अख्ख्या भाकरी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग सुरू झाले की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या खडखडाटातून रोज दुपारी एक बाई चालत येते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वेताची बुट्टी, बुट्टीवर धुतलेलं पांढरं फडकं. उजवा हात वर, बुट्टीच्या काठाला लावलेला. डाव्या हातानं नऊवारीचा ओचा सावरलेला. तिला हाक मारावी लागत नाही. कामगार आपोआप हात धुवायला उठतात. नीलम्मा अक्का आली म्हणजे कडक भाकरी आली.

अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन सोलापुरात आली, त्याला आता चाळीस वर्षं झाली. सासू चंद्रव्वा हाच धंदा करायची. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर शेकायची, मग विस्तवाच्या कडेला उभी करून कडकडीत होऊ द्यायची. अशी भाकरी महिना टिकते, पण धक्का सोसत नाही. सायकलच्या कॅरियरवर ठेवा, रिक्षात ठेवा, पहिल्याच खड्ड्यात तिचे तुकडे होतात. म्हणून चंद्रव्वानं सुनेला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "भाकरी पायानंच जावी. आणि पाय कसा? निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. नीलम्मा चाळीस वर्षं निधान चालली आहे. चालताना तिचे पाय हलतात, कंबर हलते, पण मानेच्या वर काही म्हणून हलत नाही. तांब्या भरून डोक्यावर ठेवला तर थेंब सांडणार नाही, असं लोक म्हणतात. मी तो तांब्या पाहिलेला नाही, पण बुट्टी पाहिली आहे. माझा विश्वास आहे.

राजशेखर हा त्याच एमआयडीसीतल्या एका चादर कारखानदाराचा मुलगा. लहानपणी तो तिच्या बुट्टीतली भाकरी मोडून पळायचा. आता तो दर महिन्याला वीस-बावीस जणांना घेऊन डोंगर चढायला जातो. त्या मंडळींच्या मनगटावर घड्याळासारखे पट्टे असतात. किती पावलं चाललो, किती कॅलरी जळल्या, सगळं मोबाइलवर उमटतं आणि शेवटी कोण पुढं, कोण मागं, याची यादी लागते. त्या यादीवरून आठवडाभर चिडवाचिडवी चालते.

डिसेंबरात त्यांनी तुळजापूरच्या अलीकडचा सिदोबाचा डोंगर धरला. राजशेखर म्हणाला, "अक्का, या वेळी वरती तुमची भाकरी पाहिजे. पण आमचा एक नियम आहे. आमच्यासोबत जो येतो तो चालूनच वर जातो. जमंल का?"

"चालून न्हाय तर काय उडून येऊ?" नीलम्मा म्हणाली.

डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत तिची नणंद दाक्षायणी राहते. नीलम्मा आदल्या दिवशी एसटीनं तिथं गेली आणि पहाटे तिच्याच चुलीवर साठ भाकरी केल्या. शेंगाचटणी, वांग्याची भाजी, दह्याचं गाडगं. सगळं बुट्टीत रचलं. दाक्षायणीच्या धान्याच्या काट्यावर बुट्टी तेरा किलो भरली.

सकाळी मंडळी आली. जिममध्ये शिकवणारी समरा त्यांच्या पट्ट्यांचा हिशेब बघायची. तिनं एक जादा पट्टा काढला.

"खाला, तुम्हीपण घाला. वय किती तुमचं?"

"आधारकार्डावर अठ्ठावन्न हाय. तेच लिव."

"वजन?"

"कुणाचं? माझं का बुट्टीचं?"

सगळे हसले. समरानं तिचं एकटीचं वजन लिहिलं. नीलम्माच्या उजव्या मनगटावर कोपराकडं सरकतील इतक्या हिरव्या बांगड्या होत्या, म्हणून पट्टा बांगड्यांच्या वर, सैलसर बसला. मंडळी हातपाय ताणून व्यायाम करू लागली, फोटो काढू लागली. नीलम्मानं बुट्टी डोक्यावर घेतली. "तुमी घ्या उड्या मारून. मी हुते पुढं," म्हणाली आणि बाभळींच्या आड दिसेनाशी झाली.

डोंगर फार उंच नाही, पण वाट मुरमाची आहे. पाय ठेवला की मुरूम घरंगळतो. हिवाळ्यातलं ऊन कोवळं होतं, कुसळी गवत पिवळं पडलं होतं, खाली ज्वारीची रानं हिरव्या चादरीसारखी पसरलेली. त्या वाटेनं ती एकटी चढली. पाऊल टाकायचं, दगड जोखायचा, मग भार द्यायचा. निधान, निधान.

मंडळी धापा टाकत वर पोचली तेव्हा सिदोबाच्या ओट्यावर ती बसलेली होती. बुट्टी शेजारी, फडकं तसंच. कपाळावरची विभूती घामानं पुसलेलीसुद्धा नव्हती.

राजशेखरचा चुलतभाऊ बसवेशही मंडळींच्या आधी, पण नीलम्माच्या नंतर तिथं पोचला होता. गुडघा दुखतो म्हणून तो पाण्याचे कॅन घेऊन मागच्या बाजूच्या गाडीरस्त्यानं मोटारसायकलवर आला होता. रविवारी त्या रस्त्यानं देवाला येणाऱ्यांच्या जीपगाड्याही असतात. समरानं सगळ्यांचे आकडे काढले. कुणाची पाच हजार पावलं, कुणाची साडेपाच. कॅलरी कुणाच्या साडेतीनशे, कुणाच्या चारशे. नीलम्माच्या नावापुढं सहाशे चाळीस पावलं होती. कॅलरी अठ्ठावीस. हृदयाच्या ठोक्यांच्या जागी नुसती रेघ.

"खाला..." समरा अडखळली. "यात तर काहीच आलं नाही."

बसवेश मोठ्यानं हसला. "अक्का, कुणाची जीप घावली? आमालाबी सांगायचं की! उगंच चढली पोरं."

"मी चालून आले," नीलम्मा म्हणाली.

"पट्टा तर न्हाय म्हणतोय."

हशा झाला. राजशेखर हसला नाही, पण बोललाही नाही. तो खाली बघत मोबाइलवर बोट फिरवत राहिला. नीलम्माला हसणं लागलं नाही, ते गप्प राहणं लागलं. सोमवारी ही गोष्ट याच्या कारखान्यात जाणार. तिथून शेजारच्या. नीलम्मा जीपमधून गेली आणि चालले म्हणाली. चाळीस वर्षं ती सांगेल ती भाकरी ताजी, ती सांगेल ते पीठ चांगलं. एमआयडीसीत तिच्या शब्दाला कुणी उलटा प्रश्न केला नव्हता. तो शब्द आता त्या रबरी पट्ट्याखाली आला होता.

ती बसवेशकडं वळली. मग म्हणाली, "बसवेश, तुझ्या गाडीच्या डिकीत काय हाय?"

"पाणी, बिस्किटं. आणि... भाकरीचं पाकीट. घरनं दिलंय, कडक भाकरी. म्हटलं कमी पडल्या तर असाव्यात."

"आण की."

त्यानं पाकीट आणलं. नीलम्मानं ते तोडून ओट्यावर उपडं केलं. सगळ्यात मोठा तुकडा रुपयाएवढा होता. बाकी भुगा.

"रस्ता लई खराब हाय वाटतं," ती म्हणाली.

मग तिनं आपल्या बुट्टीवरचं फडकं काढलं. वरची भाकरी उचलली, दोन्ही हातांनी, पुस्तकाचं पान उचलावं तशी. ओट्यावर ठेवली. दुसरी काढली. तिसरी. कुणी तरी मोजू लागलं. वीस झाल्या, तीस झाल्या. बसवेशचं हसणं दहाव्या भाकरीलाच थांबलं होतं. साठच्या साठ भाकरी काढून झाल्या आणि एकीचीही कड उडालेली नव्हती.

राजशेखर पुढं आला. लहानपणापासून ही भाकरी खाल्लेला मुलगा, त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं एक भाकरी घेतली आणि मोडली. कडाक् असा आवाज झाला.

"अक्का, मी आधीच बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"चुकलंच तम्मा," धाकट्या भावाला म्हणावं तसं नीलम्मा म्हणाली. "आता जेवा. दही आंबट हुईल."

जेवता जेवता समरा पट्टा हातात घेऊन विचार करत होती. तिनं नीलम्माला उठून बुट्टी डोक्यावर घेऊन चार पावलं चालायला लावलं. वर धरलेला हात बघितला आणि कपाळावर हात मारला. "खाला, हा हात हलल्यावर पावलं मोजतो! तुमचा हात तर हललाच नाही. आणि बांगड्यांमुळं ठोकेही लागले नाहीत."

"चालतोय कोण, हात का पाय?" नीलम्मानं विचारलं. तिनं पट्टा घेतला, ओचा जरा वर केला आणि पट्टा घोट्यावर, जोडव्यांच्या पायात वाळ्यासारखा बांधला. "आता मोज म्हणावं."

उतरताना रिकामे डबे, गाडगं, उरलेल्या पाण्याचा एक कॅन, सगळं तिनं मागून बुट्टीत घेतलं. बसवेश मोटारसायकल वर ठेवून, गुडघा धरत, तिच्या मागून पायी उतरला. गाडी न्यायला त्याला पुन्हा वर जावं लागणार होतं.

पायथ्याला समरानं खाली बसून घोट्यावरचा पट्टा बघितला. सहा हजार दोनशे पावलं. उतरणीच्या यादीत सगळ्यात वर. नीलम्माची पावलं लहान, म्हणून जास्त भरली.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. राजशेखरनं तिचं नाव पहिल्या जागी आलेली यादी तिच्यापुढं धरली. नीलम्मानं ती पाहिली आणि बुट्टी डोक्यावरून न उतरवता विचारलं, "ह्याच्यात ही बुट्टी धरली हाय का रं?"

"न्हाय अक्का. नुसतं तुमचं वजन."

"मग अजून निम्मंच मोजलंय म्हणा की," ती म्हणाली आणि दाक्षायणीच्या घराकडं वळली. मान सरळ, हात वर, बुट्टीतल्या रिकाम्या डब्यांचासुद्धा आवाज न होऊ देता.