डागाचं आधी

मालिनीताईंच्या घरी कुणी फळ नुसतं खाल्लंय, असं अंबरनाथच्या त्या इमारतीत कुणालाही आठवत नसे. फळ आलं की त्याचं काहीतरी व्हायचंच. मोहरी फेसून सफरचंदाचं सासव, मेथीदाणे घालून पेरूची आंबटगोड भाजी, अननसाचा शिरा, चिकूची खीर. सफरचंदाचं ताजं लोणचं तर पाहुणे कैरीचं समजून खात आणि फसल्याचं कळलं की पुन्हा वाढून घेत. १९८६ साली महिला मंडळाच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा मोठा डबा. तो फडताळात अगदी पुढे असे.

टाकाऊ हा शब्द मात्र अक्षरशः खरा होता. दर शनिवारी मालिनीताई उल्हासनगरला लधारामच्या दुकानातून दागी माल आणत. दबलेली, ठिपके पडलेली फळं. घरी येऊन डाग कोरून काढायचा आणि उरलेलं शिजवायचं. कधी चुकून चांगलं फळ घरात आलंच, तर ते कपाटावरच्या टोपलीत जाई. नियम ठरलेला होता, डागाचं आधी. आता डागाचं संपेपर्यंत चांगल्यालाही डाग पडतो, हे शेंबड्या पोराला कळेल. हुशार बाईला कळायला वेळ लागतो.

त्यांचे यजमान श्रीपादराव एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. माणूस गरीब, पानात पडेल ते ‘छान झालंय’ म्हणून खाणारा. शेजारच्या टेबलावरचे साहेब रोज दुपारी डब्यातून सफरचंद काढून सालासकट कचकन तोडत. श्रीपादरावांनी एकोणीस वर्षं तो आवाज ऐकला.

‘‘एकदा तसं खाऊन बघायला हवं,’’ ते घरी म्हणत.

‘‘घोड्यासारखं?’’ मालिनीताई विचारत. दोघं हसत आणि पानात सासव पडे.

एक्याण्णवच्या दिवाळीआधी श्रीपादरावांना हार्टचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली. त्या शनिवारी लधारामला हे कळलं आणि त्यानं दागी मालाबरोबर सहा सफरचंदं वेगळी दिली, एकेक कागदात गुंडाळलेली, लालबुंद.

‘‘बहनजी, ये साब के लिए,’’ तो म्हणाला. ‘‘इसको पकाना मत, हां.’’

श्रीपादरावांनी एकाचा कागद सोडवला, वास घेतला. ‘‘यातलं एक दे ना मला. अख्खंच.’’

‘‘देते हो. डागाची चार आणलीत, ती आधी होऊ देत. चांगलं कुठे पळून जातंय?’’

त्यांनी कागद पुन्हा नीट गुंडाळला आणि सफरचंद परत दिलं.

त्या चारांचा आधी शिरा झाला, मग खीर. तोवर सहांतल्या दोनांवर ठिपके दिसले, म्हणून ती आधी. त्यांचा मुरांबा होईपर्यंत आणखी दोन गेली. मालिनीताई रोज टोपली उतरवून बघत आणि डागाचं तेवढं उचलत. आजारी माणसाला रोज नवं करून घालतोय, याचं त्यांना आतून बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोला. श्रीपादराव चमच्याने खात आणि ‘छान झालंय’ म्हणत. दहाव्या दिवशी त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.

‘‘उद्या देते. नक्की,’’ मालिनीताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादरावांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. शेजारच्या इंदुबाई डॉक्टरांना घेऊन आल्या, तोवर सगळं संपलं होतं. टोपलीत दोन सफरचंदं उरली होती. एकावरही डाग नव्हता.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, ‘‘शेवटपर्यंत किती प्रकार करून घातलेत हो त्यांना.’’ मालिनीताई मान खाली घालत. नवरा गेल्याचं दुःख चारचौघांत सांगता येतं. एक सफरचंद दिलं नाही, हे कुणाला सांगायचं? एवढंच ना, म्हणतील. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. ती दोन सफरचंदं इंदुबाईंनी पाहुण्यांच्या पोरांना चिरून दिली.

पुढे त्या मुलाकडे, जयदेवकडे, बदलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. कृतींची वही सुनेला, कुंदाला, देऊन टाकली. कुंदा हौशी होती, वर्षभरात सासव अगदी सासूच्या हातचं करू लागली. वहीत नसलेलंही तिनं उचललं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात एका संध्याकाळी जयदेव ऑफिसातून आला आणि टेबलावरच्या सफरचंदांकडे त्याचा हात गेला.

‘‘अहो, ते नको,’’ कुंदा आतून म्हणाली. ‘‘डागाची दोन आहेत, उद्या शिरा करते. चांगलं कुठे पळून जातंय?’’

जयदेवने मुकाट्याने हात मागे घेतला, थेट बापासारखा.

मालिनीताई मेथी निवडत होत्या. त्या उठल्या. त्यांनी सगळ्यांत मोठं सफरचंद उचललं, धुतलं, पदराला पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

‘‘खा.’’

‘‘थांबा आई, चिरून देते,’’ कुंदा बाहेर येत म्हणाली.

‘‘चिरायचं नाही. सालासकट खाऊ दे.’’

जयदेवने बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि कचकन तोडलं. मालिनीताई त्याच्यासमोर खुर्चीत बसल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. त्यांच्या संसारात हा आवाज कधी झालाच नव्हता. नुसत्या बिया उरेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

‘‘कसं लागतं रे?’’

‘‘कसं म्हणजे? गोड आहे,’’ जयदेव हसला. ‘‘तू कधी खाल्लं नाहीस का असं?’’

‘‘नाही,’’ मालिनीताई म्हणाल्या. ‘‘आणि तुझ्या बाबांनी मागितलं, तर त्यांनाही दिलं नाही.’’