आडवं पडवेना

"सिस्टर, सलाईन बंद करा," मी म्हटलं. खाटेभोवतीची माणसं माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मी पेशंटच्या तोंडचा घास काढून घेतला.

पेशंट जळकोटचे किराणा दुकानदार मन्मथप्पा. सोमवारचा निर्जळी उपास, त्यात दुष्काळातला उन्हाळा. दुकानात चक्कर आली म्हणून धाकटा भाऊ शिवराज त्यांना जीपमधून उदगीरजवळच्या आमच्या लहानशा सरकारी दवाखान्यात घेऊन आला. बीपी फारच कमी, नाडी बारीक. असे पेशंट तेव्हा रोज यायचे. अंगातलं पाणी आटलेलं असायचं. बाटली चढली की उठून घरी जायचे. सिस्टरनी सवयीने बाटली लावली होती.

मला मात्र खटकत होतं. उपासाने गळालेला माणूस खाट दिसली की अंग टाकतो. हे दोन्ही हात रोवून ताठ बसलेले. निजवायला गेलं की धाप लागून उठायचे. हात थंडगार आणि घामाने ओले.

"रात्री झोपले होते?" मी त्यांच्या बायकोला, गंगाबाईंना विचारलं.

"कुठलं झोपतेत! भिताडाला टेकून बसले व्हते. छातीत गॅस धरलाय म्हनले."

छातीतल्या गॅसवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. मानेची शीर बघायला उपरणं बाजूला करू लागले, तर शिवराजने माझा हात अडवला. "गळ्यात लिंग हाय, बाई. हात लावू नका."

गंगाबाईंनी स्वतःच उपरणं आणि इष्टलिंगाचा दोरा सरकवला. शीर जबड्यापर्यंत फुगलेली. पाणी आटलेल्या माणसाची ती सपाट असते. छातीत तळाशी बुडबुडे वाजत होते. याला आम्ही कार्डिओजेनिक शॉक म्हणतो. हृदयविकाराच्या झटक्याने हृदयाची ताकद जाते, रक्त पुढे जात नाही, मागे फुप्फुसांत पाणी साचतं. त्यात वरून सलाईन ओतलं की माणूस आतल्या आत बुडतो.

दवाखान्याचे प्रमुख, आमचे सर, डोकावले. "बाई, बाटली चालू ठेवा. उगाच वाद कशाला?"

मी नुकत्याच काढलेल्या ईसीजीची पट्टी पुढे केली, त्यात झटका स्पष्ट दिसत होता. सरांनी ती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "लातूरला हलवा. आता जिल्हा झालाय, काहीतरी सोय असेल."

शिवराज तापला. "कामून बंद केली? बाटल्या संपल्या काय?"

"भाऊ, विहिरीत पाणी आहे आणि मोटार जळाली, तर विहिरीत टँकर ओताल का?"

"औंदा इहिरीत पानी कुठलं हाय, बाई? समोरच्या खासगीत नेतो. तिथं लगेच लावतेत."

नेलं असतं तर हा माणूस हातचा गेला असता.

"भावजी," गंगाबाई म्हणाल्या, "मी रातीपासून बघून राहिले. त्यानला आडवं पडवंना. ह्यो उपास न्हाई. बाई म्हनतेत तसं करा."

ऑक्सिजन लावून, बसवूनच त्यांना लातूरला नेलं. मीही जीपमध्ये होते. रस्ताभर मनात धाकधूक, आणि शिवराजची नजर माझ्यावर.

मन्मथप्पा वाचले. बरे झाल्यावर दोघे भाऊ दवाखान्यात आले. शिवराज म्हणाला, "लातूरला गेल्या गेल्या बाटली लावली बगा. तुमीच लावू दिली न्हाई."

त्या बाटलीत हृदयाला जोर देणारं औषध होतं, थेंबथेंब सोडलेलं. मी एकदा सांगितलं, त्याला पटलं नाही. सोडून दिलं. पेशंट स्वतःच्या पायांनी येऊन तक्रार ऐकत उभा होता, मला तेवढं पुरे होतं.

चक्कर आलेल्या माणसाला मी आजही बाटलीआधी गंगाबाईंनी सांगितलेलंच विचारते. आडवं पडवतं का?