कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडं होतं?

त्या गंजीचा धूर माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. धूर तरी केवढा! पार फलटणला बायकांनी भरदुपारी दिवे लावले म्हणतात.

आटपाडीकडच्या एका गावात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. इंग्रजांशी रानात लपूनछपून लढणारे भूमिगत आणि मागं राहिलेली त्यांची बायकापोरं, असा विषय. ही लढाई झाली त्या कुंडलकडं आता जिकडंतिकडं ऊस. यांना जुनं उजाड रान पाहिजे, म्हणून ही मंडळी इकडं आली. त्यात एका विधवा म्हातारीची कडब्याची गंजी जळाली. तिच्या म्हशींची पावसापर्यंतची वैरण! 'ठिणगी उडाली, अपघात झाला,' म्हणून दिग्दर्शक मोकळा. आम्ही पोलिसांनीही आकस्मिक जळिताची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात इंग्रजांच्या वेळचा फौजदार शिरला. आमच्या हवालदारानं उठून कडक सलाम ठोकला.

"आवं, मी गावातलाच हाय. सिनेमात काम करतोय."

"मग आधी ती टोपी काढ की गड्या!" हवालदार उखडला.

फौजदार माझ्याकडं वळला. "सायेब, आग लागली न्हाई, लावली. पर माझं नाव घिऊ नगा."

दिग्दर्शकाला बोलावलं. गाडीच्या चाकाएवढा काळा चष्मा. 'अपघात' हा एकच शब्द. मी त्या दिवसाचं चित्रीकरण लावायला सांगितलं. पडद्यावर म्हातारीचं बंद दार. मग धूर, मग दार उघडून ऊर बडवत धावणारी म्हातारी. गंजीकडं कॅमेऱ्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"अपघात होता, तर कॅमेरा आधीपासून म्हातारीच्या दारावर का रोखलेला?" असा ओरडलो, की ठाण्याची कौलं हातभर सरकली.

चष्मा उतरला. "नटीला तसं रडणं जमत नव्हतं, साहेब. वैरण भरून देणारच होतो."

"गरिबाच्या हालावर सिनेमा काढतोस आणि गरिबाचीच गंजी जाळतोस?"

जाळपोळीचा गुन्हा नोंदवला. दिग्दर्शकाकडून वैरण आली. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"सायेबा, कडबा मिळंल. पर धनी गेला तवा बी मी अशी रडले न्हवते. त्ये आता मुलखाला दावणार व्हय?"

मी त्या चित्रीकरणाचं मेमरी कार्ड आणि त्याच्या सगळ्या प्रती पंचांसमक्ष जप्त केल्या.

"साहेब, सिनेमाचा जीव आहे त्यात," दिग्दर्शकानं हात जोडले.

"जीव म्हातारीचा आहे," म्हणालो आणि लाखेचं सील ठोकलं.

चोरीच्या म्हशी, मोटारी, दागिने मी खूप हुडकले. माणसाचं रडणंही चोरतात, हे त्या केसमध्ये कळलं. सिनेमा लागला तेव्हा काठी घेऊन पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर नकली गंजी जळाली, रडली ती पगारी नटीच. नाहीतर पडदा शाबूत राहिला नसता.