हिला ऊन लागत नाही का?

मंडळी, धुळ्याचं ऊन तुम्हाला नव्याने सांगायला नको. आज दुपारी देवपूरमधून क्लासहून येताना माझी सहावीतली लेक स्वरा स्कार्फ, सनकोट, हातमोजे अशी सगळी गुंडाळलेली होती. नुसते डोळे दिसत होते.

घरी आल्या आल्या तिने मोबाइलवर लढाईचा गेम उघडला. सगळीकडे वाळवंट, आणि तिची सैनिक बाई पोट-मांड्या उघड्या टाकून धावतेय!

"मम्मी, हिला ऊन लागत नाही का?"

आम्ही हसलो. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई, अक्का, अहिराणीत म्हणाल्या, "हाई बाई लढाले चालनी का आंग धोवाले?"

मग गेममध्ये त्या सैनिक बाईसाठी अंगभर कपडे शोधले. मिळेनात. जितकी वरची लेव्हल, तितके कपडे कमी. पुरुष सैनिक मात्र गळ्यापासून बुटापर्यंत चिलखतात. शेवटी स्वराने पुरुष घेतला, मुलाचं नाव टाकलं आणि जिंकलीसुद्धा. मोबाइलमधून पलीकडचा कोणीतरी खेळाडू ओरडला, "भारी खेळला भावा!"

मी म्हटलं, "माइक चालू कर. सांग ना, मुलगी आहे म्हणून."

"नको मम्मी. सांगितलं की ते खेळायचं सोडून घाण बोलत बसतात."

म्हणजे हे तिला आधीपासून माहीत होतं. मला आज कळलं. गेमच्या कंपन्यांना लिहून काय होणार? गेम बंद केला, तर हरणार पुन्हा तीच.

तुमच्या मुली गेममध्ये कोण होऊन खेळतात, विचारलंय कधी?

संध्याकाळी दुकानात निघताना स्वराने पुन्हा स्कार्फ बांधला. मी म्हटलं, "अगं, आता कुठे ऊन आहे?"

"असू दे," ती म्हणाली.