जाऊबाईंची नर पपई

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतका माणसाच्या हाताचा धसका घेतलेली बाई अख्ख्या तापीकाठावर सापडायची नाही. नंदुरबारच्या एका प्रयोगशाळेत त्या पिकांच्या रोगांचं काम करतात. पानांतून आरएनए काढायचा आणि बर्फात घालून, यंत्रावर त्यातली अक्षरं वाचायला पुण्याला पाठवायचा. हा आरएनए भारी नाजूक. आपल्या बोटांवर, थुंकीत त्याला खाऊन टाकणारं काहीतरी असतं म्हणे. उघडं बोट लागलं की कारभार आटोपला. बरं, प्रयोगशाळेत घाला की हातमोजे! पण या बाई घरी कोथिंबीर निवडतानाही घालणार. उघड्या नळीवर बोलायचं नाही, ही सवय तर इतकी मुरलेली की पोळ्या लाटतानाही तोंडातून चकार शब्द नाही. सासूबाईंनी एकदा मला कोपऱ्यात घेतलं, "का वं, मोठी कोनवर रुसनी शे का?" मी आपलं म्हटलं, मौनव्रत आहे. त्यांनी ते गल्लीभर केलं, आणि संध्याकाळी चार बायका जाऊबाईंच्या पाया पडायला हजर!

त्या वर्षी रोगाने पपईच्या बागा पिवळ्या पडल्या. आमच्या गावातल्या एका काकांच्या बागेत सगळी झाडं आकसलेली, आणि मधोमध एकच हिरवंगार. तेही घरच्या बियाण्याचं नर झाड. नराला फळ धरत नाही, म्हणून एरवी ते कुणी ठेवतही नाही. "ताई, येले फय नही लागत, येनं काय करशात?" काकांनी विचारलं. जाऊबाईंनी हात जोडले, "काका, दसरापावत ऱ्हाऊ द्या." हे एकटंच कसं तगलं, ते त्याच्या आरएनएवरून कळलं असतं तर पुढच्या बागा वाचवायची वाट सापडली असती. बाईंनी पानं गोठवून खलात कुटली, आरएनए काढला, उरलेली पानंही जपली, सगळं फ्रीझरमध्ये ठेवलं आणि पुण्याला नंबर लागायची वाट बघत बसल्या.

मध्येच आली खंडेनवमी. यंत्रांच्या पूजेची बाईंना भलती हौस. मलाही मदतीला नेलं. फ्रीझरला हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, तरी वर दिव्यांची झगमगती माळ हवीच! बोर्डवर जागा नव्हती. "पाच मिनिट काढस वं," म्हणत त्यांनी स्वतःच फ्रीझरची पिन काढली. मग आरती, पेढे, गप्पा, आणि कुलूप लावून आम्ही घरी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्यानंतर दार उघडलं तर फरशीवर पाणी, आणि माळ आपली लुकलुकतेय. तरी त्यांनी नळ्या तपासून पाहिल्या. आरएनएचा नुसता भुगा झालेला. "मन्हाच हात वं, मन्हाच हात," एवढंच त्या म्हणाल्या.

नवी पानं आणायला आम्ही तशाच काकांकडे गेलो. काकांनी शब्द पाळला होता. दसरा उलटला तशी बाग उपटून ट्रॅक्टर फिरवला होता. "तुमीच सांगेल व्हतं ना, दसरापावत?" काका बिचारे भांबावून म्हणाले. "हां काका, मीच सांगेल व्हतं," असं म्हणून जाऊबाई हसल्या.

आता त्यांचे दुसरे नमुने पुण्याला जातात, उत्तरं येतात, कौतुकही होतं. पण रस्त्यात रोगट पपईची बाग दिसली की बाई स्कूटी थांबवतात, बांधावर चढतात आणि ओळीमागून ओळ न्याहाळत एखादं हिरवं झाड शोधत राहतात. मी मागे उन्हात उभी.

"नही वं, आठे बी नही," म्हणत त्या परत येतात, आणि आम्ही घरी जातो.