हरभऱ्यातली पांढरी फुलं

पैनगंगेचा पूल ओलांडला आणि पाट्यांवरची अक्षरं गोल, तेलुगू झाली. नागपूरहून निघून आदिलाबादला मी बस बदलली. कंडक्टरने "एक्कडिकि?" (कुठे?) विचारलं, मी नार्नूर म्हटलं. डिसेंबर होता. इंद्रवेल्लीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका कापूस वेचत होत्या. पुढे उटनूरकडे सागाचं रान लागलं.

निघाले होते ती सुनंदाच्या फोनमुळे. वनस्पतिशास्त्राच्या वर्गातली माझी ही जुनी विद्यार्थिनी आता हैदराबादला नोकरी करते. तिची आई शेवंताबाई नार्नूरजवळच्या खेड्यात हरभऱ्याचं एक जुनं वाण राखून आहे. दाणा बारीक, तपकिरी; फूल गुलाबी. कमी ओलीत येतं, म्हणून आसपासची गावं तिच्याकडूनच बी नेतात. यंदा तिच्या वावरात पांढरी फुलं निघाली. वाण बाटलं असं समजून तिनं बी न राखता सगळं पीक डाळीला घालायचं ठरवलं. सुनंदाला वाटत होतं, मी एकदा पाहावं.

दुपारी पोचले. शेवंताबाईंनी ज्वारीची भाकर आणि घोळाणा (हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा, तिखट, तेल) वाढला आणि हकीकत सांगितली. शेजारच्या वावरात त्यांची जाऊ कमलबाई दोन वर्षांपासून काबुली हरभरा लावते. त्याचं फूल पांढरं. त्याचाच पराग वाऱ्याने, नाहीतर माश्यांनी इकडे आला, अशी त्यांची खात्री होती. पांढरी फुलं दिसल्यापासून दोघी बोलत नव्हत्या.

"तिनं माह्यं बेनं खराब केलं," त्या म्हणाल्या. "मंग मी काऊन बोलू तिच्याशी?"

मी शिकवलं होतं ते मला आठवत होतं, पण हरभऱ्याची कळी हातात घेऊन कित्येक वर्षं झाली होती. चुकीचं सांगितलं तर एक वाण जाणार होतं. त्या काळजीत रात्र गेली.

सकाळी वावरात शिरलो. हरभऱ्यावर आंब (आंबट दव) होती. दहा पावलांत माझे कापडी बूट भिजून पायाच्या चिरा चुरचुरू लागल्या. धुऱ्यावर (बांधावर) बसून मी गुलाबी फुलाची, उद्या उमलेल अशी एक मिटलेली कळी घेतली आणि सुईने पाकळ्या सोडवल्या. आतल्या दोन पाकळ्या होडीसारख्या जुळलेल्या होत्या. ती होडी उघडली आणि भिंग धरलं. परागकोश फुटलेले होते. स्त्रीकेसराच्या टोकावर पिवळी धूळ बसलेली होती. मी आणखी एक कळी उघडली, मग आणखी चार. सगळीकडे तेच. माझा जीव भांड्यात पडला.

भिंग शेवंताबाईंच्या हाती दिलं. फूल उमलायच्या आधीच आतल्या आत सगळं उरकतं, मी सांगितलं. माशी येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि वाऱ्याला तर आत वाटच नाही.

त्यांनी भिंग डोळ्याला लावून कळी पाहिली. मग पांढऱ्या फुलांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मंग हे कुठून आलं?"

आम्ही ती झाडं मोजली. अकरा निघाली. पानं मोठी, हिरवा रंग फिका. एकही झाड अर्धंमुर्धं वाटेना, सगळी निखळ काबुली. म्हणजे पराग आलाच नव्हता, अख्खं बीच आलं होतं. तेव्हा शेवंताबाईंना आठवलं. गेल्या हंगामात मळणीयंत्र कमलबाईंच्या खळ्यातून थेट त्यांच्याकडे आलं होतं, आणि ते झाडून घ्या म्हणायचं त्यांनाच सुचलं नव्हतं.

"अन् बेनं मी राखेत घोळून ठेवते," त्या हळू म्हणाल्या. "कोनता दाना पांढरा, काय दिसते त्यात."

अकराही झाडं त्यांनी स्वतः उपटली. मग मला काही न सांगता बांध ओलांडून पलीकडे गेल्या. कमलबाई तण काढत होत्या. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फक्त थोड्या वेळाने दोघी पिकाच्या एकाच ओळीत वाकलेल्या दिसल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ते फूल मी तीस वर्षं फळ्यावर काढत आले, भागांना नावं दिली, परीक्षेत विचारलं. ते उत्तर कुणाला हवं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. आदिलाबाद येईपर्यंत मी गाढ झोपले.