मेंदीच्या कुंपणातली आई

आमच्या घरात वडिलांच्या फोटोला हार आहे, आईचा फोटोच नाही. कुणी विचारलं तर काढायचा राहून गेला, असं मी सांगते. ते खोटं आहे. एक काढला होता, तो मी खरवडला.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि पाळी सुटली की मोर्चाला जायचे. आई समुद्राकाठच्या एका क्लबात टॉवेल धुवायची, वाळवायची, घड्या घालायची. मी गिरगावातल्या एका स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त करायचे. तिथं मी आई घरीच असते असं सांगून ठेवलं होतं. चार बुकं शिकल्याचा माज, दुसरं काय.

एका सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तुझो मालक काल क्लबात इल्लो. माझो फोटो काढल्यान. तेणी माका वळखूक नाय, मी पण सांगूक नाय. तुका कशाक कमीपणा? येक कापी तेवढी आण गो."

म्हणजे माझी लबाडी तिला ठाऊक होती. मी मान खाली घालून चहा संपवला.

त्याच दिवशी ती निगेटिव्ह माझ्या टेबलावर आली. ते काम खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या कॅलेंडरचं होतं. काजूच्या आकाराचा तलाव, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, बारीक पायांच्या नव्या धर्तीच्या खुर्च्या. त्यांत पोहण्याच्या पोशाखातल्या, काळे चष्मे लावलेल्या बायका रेलून बसलेल्या. कॅमेऱ्याकडे त्या ढुंकूनही बघत नव्हत्या. मागे मेंदीच्या कुंपणाशी आई होती. फिकं नऊवारी, टॉवेलांची चळत छातीशी धरलेली, नजर थेट कॅमेऱ्यात. फोटो आपलाच निघतोय अशा समजुतीनं ती ताठ उभी राहिली होती.

मालक म्हणाले, "मागची बाई घालवा. कुंपण सलग दिसू दे."

आधी एक कापी छापून घेऊ का, एवढं विचारायला काय जात होतं? पण का, असं त्यांनी विचारलं असतं. मी मूग गिळून पातं उचललं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं. ते काळं खरवडलं की छापताना तिथं अंधार उतरतो. आधी टॉवेल गेले, मग लुगडं. चेहरा शेवटी राहिला. तोही मी न थांबता खरवडला, याची मला आजही लाज वाटते. काम सफाईदार झालं म्हणून मालकांनी शाबासकी दिली आणि ती मी घेतली.

संध्याकाळी लालबागला खोलीवर आले, तेव्हा मोर्चाहून आलेले वडील घोषणांनी बसलेल्या आवाजात शेजाऱ्यांना सांगत होते, मुंबई आपली, आपल्याला इथून कोण हलवतो ते बघू. आई हात पुसत पुढे आली. तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं.

निगेटिव्ह खराब निघाली, असं मी म्हटलं.

माझीच समजूत काढावी तशी ती म्हणाली, "जावंदे गो. मीच हललंय असतलंय."

तू हलली नव्हतीस, एवढंही मी तिला सांगितलं नाही.